चुकीची शेळी जन्मालाच येत नाही

आमच्या ऑफिसची झाडलोट दर शनिवारी करायची असं ठरलेलं आहे. झाडू हातात घेतला की कुणीतरी म्हणतं, "अगं, त्या दिवशी काय झालं सांगू का?" आणि झाडू तिथंच राहतो. त्यामुळं आमच्याकडं धूळही साठलीय आणि किस्सेही. पाहुणे यायचे असले की धूळ जाते. किस्से मात्र कुणाला तरी सांगितल्याशिवाय हलत नाहीत, म्हणून आज बसलेच आहे.

ऑफिस म्हणजे भूमच्या एसटी स्टँडमागं, पेंडीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. नागेश मालक. तो इथलाच, पुण्यातली चांगली नोकरी सोडून आलेला. कॉलेजात माझा सीनियर होता, म्हणून मी त्याला अरे-तुरे करते. दुसरा मल्लिनाथ, कर्नाटकाच्या सीमेजवळच्या मुरुमचा. तो नागेशला सर म्हणतो आणि वैताग आला की कानडीत पुटपुटतो. तिसरी मी, ज्योती. तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी.

आम्ही फंक्शनल लँग्वेजमध्ये प्रोग्रॅम लिहितो. घाबरू नका, सुरुवातीला मीही घाबरले होते. बाकीचे लोक माहिती आधी आत घेतात आणि मग ती बरोबर आहे का ते जागोजागी तपासत बसतात. नागेशचं म्हणणं, तपासायचंच कशाला? प्रोग्रॅममध्ये 'शेळी' नावाचा एक टाइप, म्हणजे साचा, करायचा, कधीच न मोडणारे नियम त्याला लावायचे, आणि शेळी तयार करायला एकच दार ठेवायचं. नियमात बसली तर आत, नाही तर बाहेर. आत आलेली शेळी बरोबरच असणार! या न मोडणाऱ्या नियमांना इनव्हेरियंट म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, शेळीच का? तर आमचं एकुलतं एक गिऱ्हाईक म्हणजे तालुक्यातला शेळीपालक संघ. कुठली शेळी कुणाच्या पोटची, कुठला बोकड कुणाचा बाप, हे सगळं नीट राहावं, नात्यात नातं होऊन वाण बिघडू नये, म्हणून त्यांना प्रोग्रॅम हवा होता. संघानं वर्षभर वापरून बघायचं आणि वार्षिक सभेत ठरवायचं, ठेवायचा की नाही.

नाही म्हणाले असते तर ऑफिस बंद. मग नागेश परत पुण्याला, मल्लिनाथ काकाच्या आडत दुकानात, आणि मी तुळजापूरला आईसमोर बसून येतील ती स्थळं बघणार! पुण्याचे जुने साहेब तर टपूनच बसलेले. दर सोमवारी फोन यायचा, "नागेश, कधी येतोयस?" आणि दर सोमवारी नागेश म्हणायचा, "बघू सर." ज्या माणसानं जगातल्या प्रत्येक चुकीला दार बंद केलं, त्याला 'नाही' हा एक शब्द म्हणता येत नव्हता. मला फार राग यायचा त्याचा.

नागेशनं भिंतीवर मोठ्या अक्षरात कागद चिकटवला होता, 'चुकीची शेळी जन्मालाच येता कामा नये.' खाली पेंड घ्यायला आलेली माणसं खिडकीतून तो कागद वाचायची, जिना चढून वर यायची आणि अदबीनं विचारायची, "डॉक्टर हायत का?"

*

पहिला आठवडा. मल्लिनाथनं शेळीचं वय साधा आकडा म्हणून लिहिलं. नागेशनं बघितलं आणि विचारलं, "वय उणे तीन आलं तर?"

"उणे तीन वर्षांची शेळी कोण आणंल, सर?"

"कोण आणंल ते सोड. आणता आली नाही पाहिजे."

मल्लिनाथ कानडीत काहीतरी बोलला. बरं नसावं. त्यानं नियम लावायचं उद्यावर ढकललं आणि दुसऱ्या दिवशी संघाचा क्लार्क धावत आला. म्हणाला, एका शेळीचं सगळंच बिघडलंय. आम्ही उघडून बघितलं, तर गड्यानं वयाच्या जागी मालकाचा मोबाईल नंबर टाकला होता! मल्लिनाथनं इंटरनेटवर शोधलं. ती शेळी पृथ्वीच्याही आधीची निघाली.

तिचे मालक म्हणजे संघाचे अध्यक्ष बिरूअण्णा. पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखणारं घराणं, डोक्याला गुलाबी फेटा, आवाज असा की एसटी थांबावी. त्यांना भीत भीत सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तरीच दूध देत न्हाय!"

*

मग नागेशनं नियम केला, आईशिवाय शेळी तयारच होणार नाही. ऐकायला बरोबर आहे की नाही? जगात आईशिवाय कोण आलंय?

अण्णा आपल्या शेळ्यांची माहिती सांगायला बसले, मल्लिनाथ टाइप करायला. पहिली शेळी घातली. प्रोग्रॅमनं आई मागितली. आई घातली. तिची आई मागितली. तिची घातली, तर तिचीही मागितली! अण्णांना पहिल्यांदा मजा वाटली. आपल्या घराण्याचा इतका मान कुणी ठेवत नाही असं म्हणाले. पणजीपर्यंत शेळ्या त्यांनी नावानिशी सांगितल्या. मग आवाज चढायला लागला.

"आता हिची आई कोण, अण्णा?"

"माझ्या आज्यानं आणलेली शेळी हाय ती!"

"व्हय, पण आई पाहिजे. त्याशिवाय सोडत न्हाय."

अण्णा उठून उभे राहिले. फेटा काढून टेबलावर ठेवला. "लिव! त्याच्या आधीची देवानं दिली! आन देवाची आई इच्यारलीस तर बघ!"

नागेशनं हळूच लॅपटॉप ओढून घेतला. नियमाला कुठंतरी सुरुवात लागते, ती ठेवायला हा पठ्ठ्या विसरला होता. आजही आमच्या प्रोग्रॅममध्ये शेळी दोनच प्रकारे येते, एक 'आईपासून' आणि दुसरी 'देवानं दिली'. पुण्याहून एक मित्र कोड बघायला आला होता. त्यानं विचारलं, "हे देवाचं काय आहे?" मल्लिनाथ गंभीरपणे म्हणाला, "त्याला हात लावू नका. अण्णा चिडतात."

*

शनिवारी मी एसटीनं घरी गेले की आई विचारते, "नक्की काय करता गं तुम्ही तिथं?" एकदा मी हौसेनं सगळं समजावून सांगितलं. एकच दार. जे आत आलं ते नियमातलंच. मग आत परत परत बघायला लागत नाही.

आई भाकरी थापत होती. थांबली. "म्हणजे सोवळं!"

मी म्हटलं, "अं?"

"सोवळ्यात स्वयंपाक करायचा तर उंबऱ्यावरच बघायचं, कोण आत येतंय ते. मागनं पातेली हुंगत बसायचं नाही. हेच ना?"

मी विचार केला. हेच! याच्याहून सोपं मलाही सांगता आलं नसतं. मी आनंदानं म्हटलं, "अगदी बरोबर, आई!"

आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडं वळली. "मी सांगत होते तेव्हा ती कटकट होती. आणि तिथं त्याचा पगार देतात होय!"

*

एकदा एका शेतकऱ्याचा फोन आला. आवाजात नाराजी होती. "ताई, आमच्या बोकडाला गाभणचं बटन दिसंना."

मी म्हटलं, "काका, बोकडाला कसं दिसेल? ते फक्त शेळ्यांना. बोकड गाभण होऊच शकत नाही, असं केलंय आम्ही." शेवटचं वाक्य बोलताना मला स्वतःलाच ते विचित्र वाटलं.

"ते मला बी कळतंय. पण शेजारच्याच्या सगळ्या जनावरांना हाय."

"त्यांच्याकडं सगळ्या शेळ्या आहेत, काका."

काका म्हणाले, "बघा, काय करता आलं तर. दाबत न्हाय म्या. नुस्तं असू द्या."

*

चंद्रकलामावशी माझ्या खोलीच्या मालकीण. नवरा गेल्यावर शेळ्या राखून त्यांनी मुलाला शिकवलं. मुलगा पुण्यात, सून गोड. "आई, आता शेळ्या विक आणि इकडं ये," म्हणून दोघं मागं लागलेले. मावशींनी एकेक शेळी विकली. शेवटची एक पाट, म्हणजे अजून न व्यालेली शेळी, राहिली, काळीभोर, कान लांब, अंगावर नुसती तकाकी. गिऱ्हाईक ठरलं. विक्री नोंदवायला मावशी पाटीला घेऊन ऑफिसातच आल्या.

मी बटण दाबलं. पडद्यावर 'एरर' आलं, प्रोग्रॅम नाही म्हणाला. पुन्हा दाबलं. पुन्हा नाही!

झालं असं होतं की कळपात निदान एक तरी शेळी असलीच पाहिजे, असा नियम नागेशनं घातला होता. रिकामा कळप म्हणजे कळपच नव्हे, असं त्याचं तत्त्वज्ञान. आता शेवटची शेळी विकायची म्हणजे कळप रिकामा होणार. ते या जगात शक्यच नव्हतं.

"मावशी, सॉरी हं. कळप बंद करायची वेगळी सोय करायला लागेल. उद्यापर्यंत करतो," नागेश म्हणाला.

मावशी पाटीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "म्हंजी आज हिला विकता येत न्हाय?"

"आज नाही येत."

"मशीनच न्हाय म्हंतंय?"

"हो."

मावशींनी तिथंच मोबाईल काढला आणि मुलाला फोन लावला. "बाळा, म्या निघालीच व्हते रे. पर काय करू, कॉम्प्युटर सोडंना मला!"

नागेशनं दुसऱ्या दिवशी खरंच सोय केली. मावशींनी अजून ती वापरलेली नाही. पाटीचं नाव त्यांनी एरर ठेवलंय. सणाला त्या पुण्याला जातात, दोन दिवस राहतात आणि एरर एकटी आहे म्हणून परत येतात.

*

आता रुस्तुम. हा बिरूअण्णांचा बोकड. काळाकुळकुळीत, शिंगं मागं वळलेली, चाल अशी की सरपंचानं बाजूला व्हावं. दर वार्षिक सभेत पहिला हार रुस्तुमच्या गळ्यात पडतो, दुसरा अध्यक्षांच्या. अण्णांना त्याचं काही वाटत नाही, उलट तेच आधी त्याच्याकडं बोट दाखवतात.

उन्हाळ्याच्या तोंडाला रुस्तुम माळावरनं गायब झाला. अण्णांनी ओढे धुंडाळले, डोंगर पालथा घातला. लांडग्यानं नेला असं सगळे म्हणायला लागले. एक दिवस अण्णा ऑफिसात आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्याच्या नावापुढं मयत लिवायचंय. दुसऱ्या कुनी लिवू नये, म्या लिवतो." आणि त्यांनी स्वतःच बटण दाबलं. मला भरून आलं. संघानं शोकसभा घेतली. दोघांनी भाषणं केली.

आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी रुस्तुम परत आला! गावावरनं गेलेल्या एका मेंढपाळाच्या कळपाबरोबर साहेब गेले होते, तो कळप माघारी आला तसे आले. सासुरवाडीला राहून आल्यासारखे अंगानं भरून! चंद्रकलामावशी म्हणाल्या, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." गावात पेढे वाटले गेले.

अण्णा रुस्तुमला घेऊन थेट जिना चढून वर आले. "नागेशराव, हे काय हाय?"

"बोकड आहे, अण्णा."

"जित्ता का मेलेला?"

नागेशनं घसा खाकरला. "इथं जिवंत आहे. प्रोग्रॅममध्ये मेलेला आहे."

"मग करा जित्ता!"

"ते येत नाही, अण्णा. मेलेलं माघारी येत नाही, असा नियम घातलाय. तुमच्या एकासाठी वाट काढली की उद्या विम्याचे पैसे घेऊन झालेल्या सगळ्या मेलेल्या शेळ्या उठून बसतील."

एवढ्यात रुस्तुमनं भिंतीवरचा कागद ओढला आणि खायला लागला. 'जन्मालाच येता कामा नये' एवढं खाऊन झालं. भिंतीवर उरलं, 'चुकीची शेळी'.

अण्णा जाताना दारात थांबले. "सभेच्या दिशी रुस्तुम जित्ता दिसला न्हाय, तर म्या सोताच उठून सांगनार, हे कॉम्प्युटरचं खूळ बंद करा."

अण्णांनी सांगितलं म्हणजे संघानं सांगितलं. मी नागेशला म्हटलं, "आत जाऊन एक ओळ बदल ना! कुणाला कळणार आहे?" तो म्हणाला, "मला कळेल." मी म्हटलं, "मग तत्त्व मांडीवर घे आणि पुण्याच्या गाडीत बस!" मल्लिनाथनं सरळ मुरुमच्या काकाला फोन लावून दुकानाची चौकशी केली. सोमवारी पुण्याचा फोन आला. साहेब म्हणाले, "या आठवड्यात सांग, नाही तर मी दुसरा बघतो." नागेश म्हणाला, "बघू सर."

दोन दिवस तो जुना कोड वाचत बसला. तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता एकदम कप खाली ठेवला. "ज्योती, नियम बरोबर आहे. आपण जन्माला दार ठेवलं, मरणाला ठेवलंच नाही! कुणीही आलं, बटण दाबलं, मेला!"

मग त्यानं सगळं नव्यानं लिहिलं. मेलेलं कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं असलं पाहिजे. पाहणाऱ्याचं नाव दिल्याशिवाय 'मयत' तयारच होणार नाही. कुणी पाहिलं नसेल तर जनावर 'बेपत्ता', आणि बेपत्ता माघारी येऊ शकतं. जुन्या प्रत्येक मयतासाठी मात्र, ज्यानं बटण दाबलं त्यानंच 'कुणी पाहिलं?' याचं उत्तर द्यायचं. म्हणजे रुस्तुमसाठी खुद्द बिरूअण्णांनी! हे अण्णांना आधी सांगायची हिंमत आमच्यातल्या एकाचीही झाली नाही.

*

सभा मंगल कार्यालयात होती. सगळा तालुका लोटलेला. स्टेजवर अण्णा, हातात माईक. समोर पडदा. तिथलं नेट चालेना, म्हणून नागेशनं आपल्या फोनवरनं नेट लॅपटॉपला दिलं आणि फोन अण्णांच्या पुढ्यात टेबलावर ठेवला. पाहुणा म्हणून रुस्तुमही होता. प्रोजेक्टरची वायर त्याला आवडल्यामुळं नागेश हॉलच्या मागं त्याची शिंगं धरून उभा होता. मी लॅपटॉपवर.

मी रुस्तुमचं पान उघडलं. पडद्यावर हातभर अक्षरं आली, 'रुस्तुम. मयत झालेला कुणी पाहिला?'

अण्णांनी पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग मागं उभ्या रुस्तुमकडं त्यांनी बराच वेळ बघितलं.

"कुनीच न्हाय," अण्णा माईकवर म्हणाले. "म्या घाई केली. आधी बोकडाला इच्यारायला पायजे व्हतं."

हॉल असा हसला की रुस्तुम दचकला. अण्णांनी स्वतः येऊन बटण दाबलं. पडद्यावर 'बेपत्ता' आलं, आणि त्याच्या खाली 'परत आला' असं बटण. तेही त्यांनी दाबलं. 'जिवंत!' टाळ्या, शिट्ट्या. चंद्रकलामावशी डोळे पुसत होत्या. मीही पुसले, कशाला खोटं बोलू?

अण्णांनी फेटा सारखा केला. "आता सभेनं सांगायचं, हे कॉम्प्युटरचं काम ठेवायचं का..."

आणि टेबलावरचा फोन वाजला. फोन आला तसं नेट गेलं, पडद्यावर चाक फिरायला लागलं. अण्णा वैतागले. फोन उचलून डोळ्यांपासून लांब धरला. नाव दिसलं, 'पुणे साहेब'. बारक्या बटणांवर कुठंतरी बोट पडलं, स्पीकर सुरू झाला, आणि माईक शेजारीच असल्यामुळं सगळ्या हॉलला आवाज आला.

"नागेश, शेवटचं विचारतोय बाबा. परत येतोयस ना?"

मी नागेशकडं बघितलं. त्याचं तोंड उघडलं. मला माहीत होतं, तो 'बघू सर' म्हणणार.

"नागेशराव मयत झाले," अण्णा म्हणाले.

"काय? अहो, काय बोलताय? सोमवारी बोललो मी त्याच्याशी!"

"आता माघारी येत न्हाईत. तसा नियमच हाय."

"अहो, पण कसं शक्य आहे! पाहिलं कुणी?"

अण्णांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू! त्यांनी फोन आणि माईक दोन्ही सभेकडं वळवले. "सायब इच्यारत्यात, कुनी पाहिलं?"

पहिला हात चंद्रकलामावशींचा वर गेला. मग मल्लिनाथचा. मग माझा. मग रांगेमागनं रांग, सगळा हॉल. आणि सगळ्यात शेवटी, रुस्तुमची शिंगं सोडून, नागेशनं हात वर केला.